तुम्ही गाळलेला बारावा प्रश्न : आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

फिलाडेल्फियाजवळून
२० ऑक्टोबर २०२४

कार्यकारिणीतल्या सर्वांना आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी मतदारांना,

स. न. वि. वि.

येत्या शनिवारी, २६ तारखेला, आपल्या मंडळात 'निवडणूक आणि आपण' ही चर्चा आहे. सभासदांनी प्रश्न पाठवावेत असं तुम्ही कळवलंत, म्हणून मी एक पाठवला. युक्रेन आणि गाझातलं युद्ध थांबवण्यासाठी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ट्रम्प आणि हॅरिस नेमकं काय करणार आहेत, आणि त्यांचं बोलणं आपण कसं तपासायचं, एवढाच. गुरुवारी तुमची अंतिम यादी आली. तिच्यात अकरा प्रश्न आहेत. एच-वन-बी, ग्रीन कार्डाची रांग, एकवीस पूर्ण होताच आईवडिलांच्या व्हिसावरून बाहेर फेकली जाणारी मुलं, इन्कम टॅक्स, औषधांच्या किमती, शाळेतलं गणित, आणि मंदिराच्या पार्किंगची परवानगीसुद्धा (ती राष्ट्राध्यक्ष कशी देणार हे मला अजून उमगलेलं नाही). माझा बारावा प्रश्न गाळलात. कारण दिलंत एका ओळीचं: 'विषय आपल्या लोकांशी थेट संबंधित नाही, आणि वातावरण तापू शकतं.'

काल कोजागिरीच्या दुधाच्या रांगेत तुमच्यापैकी दोघांना मी त्याबद्दल विचारलं. "काकू, दिवाळीनंतर बोलू ना," असं उत्तर मिळालं. भाऊबीज ३ नोव्हेंबरला, मतदान ५ तारखेला. तेव्हा बोलून काय उपयोग? म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि इतर गावांतल्या मंडळांनाही हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटलं तर बरंच.

आधी माझं सांगते. १९९१ पासून मी सभासद आहे. सत्तावीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं, आता निवृत्त आहे. २००३ साली नागरिक झाले, त्यानंतर एकही मतदान चुकवलं नाही. मत कुणाला देते हे नवऱ्यालाही सांगत नाही, तेव्हा हा कुणाचा छुपा प्रचार असेल अशी शंका काढू नका. एका वर्षीचं मत मात्र आज उघड करणार आहे. ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरतं कळणार नाही.

माझं माहेर साताऱ्याकडचं. अपशिंगे गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिकडं त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आमच्या घरातून एक गेला, माझे पणजोबा. 'बसऱ्याच्या लढाईत गेले' एवढंच घरात सांगायचे. बसरा म्हणजे आजचं इराक, आणि ते गेले ते तिथल्याच कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, हे मला फार उशिरा कळलं. २९ एप्रिल १९१६ ला इंग्रज सेनापतीनं तिथं शरणागती पत्करली. आत कितीतरी मराठा शिपाई उपाशी होते. पणजोबांच्या बदल्यात घरी एक काशाची जाड चकती आली. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि पुढ्यात सिंह. पणजीला ती देवीच वाटली. तिनं ती देवघराच्या कोनाड्यात ठेवली आणि हळदकुंकू वाहायला लागली. कडेनं इंग्रजी अक्षरं होती, ती वाचणारं घरात कुणी नव्हतं. मी आठवीत असताना, १९७४ साली, राख लावून चकती घासली आणि जुळवून वाचलं. 'तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला.' १९१६ साली, सातारा जिल्ह्यातला माणूस, इराकात, स्वातंत्र्यासाठी! मी आजीला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "कुणाच्या?" आणि भाकरी थापत राहिली.

त्या माणसाला बसऱ्याला जायचं का, असं कुणी विचारलं नव्हतं. ती लढाई कधी आणि कशी थांबवायची हे ठरवणाऱ्याला निवडायचा अधिकार तर आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणाला नव्हता. माझ्या घराण्यात तो अधिकार मिळालेली मी पहिली. आणि मिळाल्यावर मी तो कसा वापरला ते ऐका.

माझा मुलगा जून २००८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. मेडिक म्हणून. तुमच्यापैकी काहींना ते दिवस आठवत असतील. 'एवढे मार्क असून आर्मीत कशाला?' असं मला गणपतीच्या मांडवात विचारलं गेलं होतं. त्या वर्षी निवडणुकीत इराकचा विषय मोठा होता. रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढणारे मॅकेन जानेवारीत न्यू हॅम्पशरमध्ये म्हणाले होते की सैन्य इराकात शंभर वर्षं राहिलं तरी चालेल. जपानात आणि कोरियात राहतं तसं, आपली माणसं मरत नसतील तर, असं त्याला जोडलेलं होतं, पण ती पुस्ती सगळे गाळूनच सांगायचे. मीसुद्धा. त्यांचे प्रतिस्पर्धी ओबामा म्हणत होते, दर महिन्याला एक ते दोन ब्रिगेड काढून सोळा महिन्यांत लढाऊ सैन्य परत आणू. मी लॅबमधली बाई, मला आकडा दिला की मी विश्वास ठेवते. सोळा महिने. पोराचं प्रशिक्षण होईतो इराक उरकलेलं असेल, असा हिशेब मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मांडला आणि ओबामांना मत दिलं. आपल्या मंडळातल्या दहाबारा जणींनाही द्यायला लावलं.

जुलै २००८ मध्ये ओबामांनी वर्तमानपत्रात लेख लिहून ही योजना मांडली होती. त्याच लेखात पुढं लिहिलं होतं की अफगाणिस्तानात आणखी निदान दोन लढाऊ ब्रिगेड पाठवू. लपवलं काही नव्हतं. मीच तिथवर वाचलं नाही. १ डिसेंबर २००९ ला वेस्ट पॉइंटच्या भाषणात त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक पाठवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१० च्या उन्हाळ्यात माझा मुलगा कंदाहार प्रांतात अर्गंदाबच्या डाळिंबाच्या बागांमध्ये होता. त्या बागांमध्ये जमिनीत सुरुंग पेरलेले असत.

वर्षभरानं तो परत आला. डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, आणि त्याच कानात दिवसरात्र शिट्टी वाजते. आला त्या आठवड्यात मी दहीभातावर डाळिंबाचे दाणे घालून दिले, तर त्यानं ताट बाजूला सारलं. मी कारण विचारलं नाही. माझ्या मुलाला मी मत दिलेल्या माणसानं, मत देण्याआधी छापून सांगितल्याप्रमाणंच, तिकडं पाठवलं होतं. म्हणून प्रश्न विचारायची मला एवढी घाई असते.

आता तुमच्या कारणांकडं येते.

'आपल्या लोकांशी थेट संबंध नाही.' आपण राहतो त्या राज्यात स्क्रँटन आहे. तिथल्या लष्करी कारखान्यात १५५ मिलिमीटरचे तोफगोळे बनतात आणि ते युक्रेनला जातात. गेल्या महिन्यात, २२ सप्टेंबरला, झेलेन्स्की तिथल्या कामगारांचे आभार मानायला येऊन गेले. तुमच्या घरापासून दोनेक तासांवर. एप्रिलमध्ये काँग्रेसनं युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर केले. तुमच्या यादीत टॅक्सचा प्रश्न तिसरा आहे, त्या टॅक्सचं काय होतं हा प्रश्नच नाही. गेल्याच आठवड्यात इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आणि ती चालवायला सुमारे शंभर अमेरिकी सैनिक पाठवायचं ठरलं. आपल्या सभासदांपैकी आणखी दोघांची मुलं सैन्यात आहेत. ते बोलत नाहीत, कारण बोललं की मांडवातला तोच प्रश्न येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत माझ्या मावसबहिणीची नात युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. थंडीत चालत पोलंडची हद्द गाठली तिनं. महाराष्ट्रातली अशी कितीतरी मुलं होती. तेव्हा याच मंडळानं प्रार्थना ठेवली होती. तेव्हा संबंध होता.

आणि मत. २०२० साली पेनसिल्व्हेनियाचा निकाल सुमारे ८० हजार मतांनी लागला, २०१६ ला त्याच्या जवळपास निम्म्या फरकानं. देशातल्या बहुतेक राज्यांचा निकाल आजच ठाऊक आहे, आपला नाही. न्यू जर्सीतले आपले लोक निवडणुकीवर नुसत्या गप्पा मारतात, आपण ती ठरवतो. उद्या, २१ तारीख, नावनोंदणीचा शेवटचा दिवस आहे. ज्यांची राहिली असेल त्यांनी हे पत्र अर्धवट टाकून आधी ते करावं.

'वातावरण तापू शकतं.' तापू दे की. दिवाळीला श्रीखंड की बासुंदी यावरून आपल्याकडं दोन कुटुंबांत दोन वर्षं अबोला होता, त्यातून मंडळ तगलं. तुमच्यापैकी एकानं असंही सांगितलं की आपण पाचशे एक सी थ्री, म्हणजे करमाफी असलेली, संस्था आहोत, राजकारण केलं तर ती सवलत जाईल. अहो, अमक्याला मत द्या किंवा देऊ नका असं मंडळानं म्हणायला बंदी आहे. दोघांना एकच प्रश्न विचारून दोघांची उत्तरं शेजारीशेजारी मांडायला नाही. उरलेले अकरा प्रश्न तुम्ही तसेच तर विचारणार आहात.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच आहे. या उन्हाळ्यापासून आपल्या ग्रुपवर निवडणुकीबद्दल जे काही आलं त्यात निम्मं कमला हॅरिस यांच्या चेन्नईच्या आजोबांबद्दल आणि उरलेलं ट्रम्प यांच्या जोडीदाराच्या, जे. डी. व्हान्स यांच्या, पत्नी उषा व्हान्स यांच्या आंध्रातल्या मूळ गावाबद्दल होतं. डोसा कोण चांगला करतं यावर एक मतचाचणीही झाली. मीही मत दिलं त्यात, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यावर थांबायचं असेल तर चर्चेला हॉल कशाला भाड्यानं घ्यायचा?

युद्ध संपवतो म्हणणारा उमेदवार तपासायचा कसा? याला काही फार मोठं पांडित्य लागत नाही. आधीच्यांनी काय सांगितलं आणि नंतर काय झालं हे पाहिलं की प्रश्न आपोआप सुचतात.

२४ ऑक्टोबर १९५२. कोरियात युद्ध चालू, मतदानाला अकरा दिवस राहिलेले. डेट्रॉइटमध्ये उमेदवार आयझेनहॉवर म्हणाले, मी कोरियाला जाईन. बस, एवढंच. तिथं जाऊन काय करणार ते सांगितलं नाही. निवडून आले, डिसेंबरात खरोखर जाऊन आले, आणि २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला युद्धविरामावर सह्या झाल्या. त्यामुळं ते वाक्य आजही यशस्वी म्हणून सांगतात. पण युद्ध अडलं होतं कशावर? सीमेचं बरचसं ठरत आलं होतं. बोलणी १९५१ च्या जुलैत सुरू झाली आणि वर्षाहून अधिक काळ एकाच गोष्टीवर खोळंबली: ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परत जायचंच नाही, त्यांचं काय? बोलणी चालू होती आणि डोंगरांवर माणसं मरत होती. १९५३ च्या मार्चमध्ये स्टालिन वारला, कम्युनिस्ट बाजूचा ताठा कमी झाला, आणि तोडगा निघाला की हे कैदी एका तिऱ्हाइताच्या ताब्यात द्यावेत. तो तिऱ्हाईत म्हणजे भारत. देखरेखीच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवायला मनाई केली, म्हणून त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. बावीस हजारांहून अधिक कैदी, तेही आपसात एकमेकांच्या जिवावर उठलेले. थोरातांच्या माणसांनी ते महिनोन्महिने सांभाळले. शंभराच्या आत कैद्यांनी तर दोन्हीकडं जायला नकार दिला आणि ते भारतीय तुकडीबरोबर भारतात आले.

हे मी एवढं लांबवलं, कारण 'युद्ध संपवतो' या दोन शब्दांच्या पोटात काय काय असतं ते इथं दिसतं. कैदी, तंबू, हेलिकॉप्टर, आणि पाऊल ठेवू न देणारा एक म्हातारा अध्यक्ष. सह्या झाल्या त्या युद्धविरामाच्या, शांतता करार आजवर झालेला नाही. एकाहत्तर वर्षं झाली, अमेरिकी सैन्य अजून तिथंच आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न हा की 'संपवणं' म्हणजे तुमच्या मते काय: गोळीबार थांबणं, सैन्य परत येणं, की करार?

निक्सन १९६८ ला न्यू हॅम्पशरमध्ये म्हणाले, नवं नेतृत्व व्हिएतनामचं युद्ध संपवील आणि शांतता जिंकील. 'गुप्त योजना' हे शब्द त्यांचे नव्हेत, ते बातमीदारांनी चिकटवले. पण तपशील त्यांनी दिला नाही हे खरं. ते सत्तेवर आल्यानंतर व्हिएतनाममध्ये वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी किती, ते मोजायला वेगळंच पत्र लागेल. आणि २६ ऑक्टोबर १९७२ ला, पुढच्या मतदानाआधी बारा दिवस, निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी जाहीर केलं की शांतता हाताशी आली आहे. निवडणूक जिंकली, आणि डिसेंबरात हनोईवर बॉम्ब पडले. येत्या शनिवारी त्या घोषणेला बरोबर बावन्न वर्षं होतील. तुमच्या चर्चेची तारीख तीच आहे. मी मुद्दाम जुळवलेली नाही, तुम्हीच ठरवलीत.

अफगाणिस्तानबद्दल मला कोरडेपणानं लिहिता येणार नाही. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात ट्रम्प यांच्या सरकारनं तालिबानशी करार केला. चौदा महिन्यांत सैन्य काढायचं, पाच हजारांपर्यंत तालिबान कैदी सोडायचे. ज्या अफगाण सरकारनं ते कैदी सोडायचे ते सरकार टेबलावर नव्हतं. बायडेन आले, त्यांनी तोच करार तारीख पुढं ढकलून पाळला. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. २६ ऑगस्टला विमानतळाच्या दारात स्फोट झाला, त्यात तेरा अमेरिकी सैनिक आणि दीडशेहून जास्त अफगाण माणसं गेली. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं पार पाडलं, आणि आज दोघांचे पक्ष एकमेकांकडं बोट दाखवतात. माझा मुलगा त्या पंधरवड्यात झोपला नाही. त्याच्या तुकडीचा दुभाषा तीन दिवस त्या विमानतळाबाहेर गटारातल्या पाण्यात उभा होता. मुलगा फोन उजव्या कानाला लावून इथून त्याला सांगत होता, कुठल्या दाराकडं जा, कुठला कागद वर धर. तो आत पोचला नाही. आज इस्लामाबादेत एका खोलीत बायको आणि तीन मुलांसह व्हिसाची वाट पाहतो आहे. ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला कळते ना? हीपण रांगच आहे.

म्हणून दुसरा प्रश्न, टेबलावर कोण बसणार, आणि ज्यांच्या घराबद्दल बोलणं चाललंय ते असणार का? तिसरा, कैदी, ओलीस, दुभाषे, युक्रेनमधून पळवून नेलेली मुलं यांचं तुमच्या कागदावर काय लिहिलंय?

इराकचा शेवटही सांगून टाकते. सैन्याची शेवटची गाडी १८ डिसेंबर २०११ ला बाहेर पडली. २०११ अखेरची ती मुदत खरं तर बुशच्या काळात इराकशी झालेल्या करारातली होती. अडीच वर्षांत, जून २०१४ मध्ये, मोसुल 'इसिस'च्या हाती पडलं आणि सैन्य परत गेलं. युक्रेननं १९९४ साली बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, त्याबदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटननं सीमा मानायची हमी दिली. त्या हमीचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. चौथा प्रश्न त्यातून येतो: वर्षभरानं समोरच्यानं शब्द मोडला तर काय करणार?

पाचवा माझा स्वतःचा, किंमत देऊन शिकलेला. इथून काढलेलं सैन्य आणि पैसा तुम्ही दुसरीकडं कुठं घालणार आहात?

हे पाच प्रश्न घेऊन मी या महिन्यात दोघांची भाषणं आणि मुलाखती ऐकत बसले. ट्रम्प गेल्या वर्षी मे महिन्यात म्हणाले, चोवीस तासांत युक्रेनचं युद्ध मिटवीन. जूनमधल्या अटलांटाच्या वादात म्हणाले, शपथेच्या आधीच मिटवीन. सप्टेंबरात एका मुलाखतीत सांगितलं की योजना अगदी नेमकी आहे, पण आत्ता फोडली तर वापरता येणार नाही. १९६८ ची आठवण यायला मी काही इतिहासाची प्राध्यापक असायची गरज नाही. त्यांचे जोडीदार व्हान्स यांनी थोडं तरी उलगडलं: आजच्या आघाडीच्या रेषेवर निर्लष्करी पट्टा, युक्रेन तटस्थ, नाटोत नाही. पटो न पटो, तपासता येईल असं काहीतरी आहे ते. उमेदवारीच्या स्पर्धेत विवेक रामस्वामींनीही असाच सौदा लिहून मांडला होता. मला तो अजिबात पटला नाही, पण लिहिला होता म्हणून तर पटला नाही हे मला सांगता येतं.

हॅरिस यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. युक्रेनला वगळून पुतिन यांना एकटं भेटणार नाही. म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि त्याबद्दल मी पूर्ण मार्क देते. पण पुढं काय? जमीन सोडायच्या प्रस्तावांना त्या शरणागती म्हणतात. ठीक. मग रशियाच्या ताब्यात असलेला जवळपास पाचवा हिस्सा कसा आणि कधी परत मिळणार, की पाठीशी उभं राहणं हीच योजना? गाझाबद्दल त्या म्हणतात युद्ध थांबलंच पाहिजे, ओलीस सुटले पाहिजेत. हमासच्या हल्ल्याला ७ ऑक्टोबरला वर्ष झालं. इस्रायलमध्ये त्या दिवशी सुमारे १ हजार २०० माणसं मारली गेली, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीत तिथले मृत ४२ हजारांवर गेलेत. बायडेन यांनी ३१ मे रोजी तीन टप्प्यांचा प्रस्ताव मांडला, तो तिथंच आहे. बायडेन यांच्याहून वेगळं काय केलं असतं, असं विचारल्यावर चटकन काही सुचत नाही असं हॅरिस याच महिन्यात टीव्हीवर म्हणाल्या. ट्रम्प इस्रायलला 'लवकर उरका' म्हणतात, आणि उरकणं म्हणजे काय हे त्यांना कुणी विचारत नाही. गेल्या बुधवारी हमासचा नेता सिनवार मारला गेल्यावर दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी आपल्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी टाकले. आता पुढं काय, हा प्रश्न तिथंही कुणी टाकला नाही. मी टाकला होता, तर 'काकू, हा ग्रुप फराळाच्या ऑर्डरसाठी आहे' असं उत्तर आलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

बारावा प्रश्न यादीत परत घ्या. तो सुरुवातीच्या अर्ध्या तासात घ्या. शेवटी ठेवलात तर लोक जेवणाच्या रांगेकडं बघत असतील, मीही बघते.

दोन्ही प्रचार कार्यालयांतून स्वयंसेवक येणार आहेत ना, त्यांना वरचे पाच प्रश्न आजच पाठवा. जी उत्तरं येतील ती मराठीत फळ्यावर लिहा, दोन रकान्यांत, शेरा न मारता. उत्तर आलं नाही तर त्या चौकटीत 'उत्तर नाही' असं लिहा आणि चौकट तशीच ठेवा, दुसऱ्या कुणाच्या फॉरवर्डनं भरू नका.

प्रश्न कोणी आणि कोणत्या नियमानं गाळला ते सभासदांना लेखी कळवा. माझ्यावर उपकार म्हणून नको. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचा गाळाल तेव्हा त्याला कामाला येईल.

आणि सैन्यात मुलं असलेल्या त्या दोन घरांना कार्यकारिणीनं स्वतः फोन करून बोलवावं. त्यांना बोलायचं नसेल तर नुसतं बसू द्यावं.

हे मान्य नसेल तर मी शनिवारी चार वाजता पाच प्रश्नांच्या चाळीस प्रती घेऊन हॉलच्या दाराशी, चपलांच्या रॅकजवळ, उभी राहीन. आरडाओरडा करणार नाही. चर्चेला अडथळा आणणार नाही. कबूल केलेल्या दीडशे करंज्या दोन्ही परिस्थितींत वेळेवर पोचतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जुनी सभासद

ता. क. मुलगाही येणार आहे. त्याला कुणी काही विचारणार असेल तर उजव्या बाजूला बसावं.